बॉल पायथनला आधी बीळ द्या: पुण्याच्या हवेत हा अजगर सांभाळताना

बॉल पायथन, शास्त्रीय नाव पायथन रेजिअस, हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या गवताळ माळांवर आणि शेतांच्या कडेने तो राहतो. दिवस काढतो तो उंदरांनी सोडलेल्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात, आणि अंधार पडला की बाहेर येतो. तिकडे थंडीच्या महिन्यांत सहारावरून हरमट्टन नावाचा धुळीचा वारा सुटतो. तेव्हा जमिनीवरची हवा ओठ फुटतील इतकी कोरडी होते, पण बिळाच्या आत ती दमट, उबदार आणि जवळपास एकसारखी राहते. या सापाची सगळी गरज त्या बिळात सापडते. पुण्याचा एप्रिल हरमट्टनइतकाच कोरडा असतो, जुलै त्याच्या अगदी उलट आणि जानेवारीतली पहाट आफ्रिकेतल्या कुठल्याही बिळापेक्षा थंड. म्हणून इथे बॉल पायथन पाळायचा म्हणजे वर्षभर एक चांगलं बीळ चालू ठेवायचं. जेवण, कात, आजार, स्वभाव या सगळ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच निघतं.

आणण्याआधी वय ध्यानात घ्या. नीट सांभाळलेला बॉल पायथन २० ते ३० वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने २०२० मध्ये, साठी ओलांडल्यावर, कित्येक वर्षं नराचा सहवास नसताना अंडी घातली होती. दहावीतल्या मुलाच्या हट्टापायी साप घरी आला, तर मुलगा शिकायला परगावी गेल्यावर त्याला कोण बघणार हे आजच ठरायला हवं.

कागदपत्रं

हा साप सायटीसच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सायटीसमधले प्राणी अनुसूची चारमध्ये आले. त्यानंतर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आलेल्या नियमांप्रमाणे, असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश २.० या पोर्टलवरून नोंदणीचा अर्ज करावा लागतो. पुढे तो कुणाला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावं लागतं. विकणाऱ्याकडे स्वतःच्या नोंदणीचा कागद नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. ‘नंतर करून देतो’ याला काही अर्थ नाही.

आपला भारतीय अजगर आणि मांडूळ ही वेगळी गोष्ट. हे देशी, संरक्षित साप आहेत. शेतात सापडलेलं अजगराचं पिल्लू घरी ठेवणं हा सरळ गुन्हा. अजगर बघायचाच असेल तर कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे.

साप निवडताना

पिल्लू पैदास करणाऱ्याकडचंच घ्या, रानातून पकडून आणलेलं नको. त्याने वितळवलेला गोठवलेला उंदीर किमान तीन-चारदा खाल्लेला असावा. त्याच्या वजनाची आणि जेवणाची नोंद मागा. हातात घेतल्यावर अंग भरीव लागावं, पाठीचा कणा टोचू नये. नाकपुड्यांपाशी बुडबुडे नकोत, तोंडात चिकट धागे नकोत. पांढरा टिश्यू पेपर ओला करून अंगावरून फिरवा. काळे ठिपके आले तर ते गोचिडीसारखे सूक्ष्म माइट्स असतात.

रंगांच्या जातींना इथे सगळे ‘मॉर्फ’ म्हणतात. पिंजऱ्यात पैदा झालेला पहिला अल्बिनो १९९२ चा. त्यानंतर शेकडो रंग आले आणि किमती त्याच ठरवतात. आमचं मत स्पष्ट आहे: ‘स्पायडर’ नावाचा मॉर्फ घेऊ नये. ज्या जनुकामुळे त्याची नक्षी कोळ्याच्या जाळ्यासारखी होते, त्याच जनुकाने त्याच्या तोल सांभाळण्यातही बिघाड होतो. डोकं डुलतं, गरगर फिरतं, भक्ष्यावरचा नेम चुकतो. यावर औषध नाही. साधा, जंगली रंगाचा साप स्वस्त असतो आणि देखणाही.

घर

पिल्लाला साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटर तळाची पेटी पुरते. मोठ्या सापाला १२० बाय ६० बाय ६० हवी. नर बहुधा मीटरभराचा होतो, मादी सव्वा ते दीड मीटरची. ‘मोठ्या जागेत साप घाबरतो’ असं सर्रास सांगितलं जातं, पण तो घाबरतो उघड्या जागेला. पेटी मोठी असली आणि आत लपायला पुरेसं असलं तर तो रात्री सगळीकडे फिरतो. फांदी ठेवली तर चढतोही, विशेषतः नर.

माशांच्या टाकीच्या दुकानात काचेची टाकी सहज मिळते, पण ती वरून उघडते. या सापाला बिळाबाहेर धोका येतो तो बहुतेक वरून, त्यामुळे वरून आलेला हात त्याला घारीसारखा वाटतो. शिवाय वरची जाळी सगळी दमट हवा सोडून देते. त्यापेक्षा सुताराकडून १२ मिलिमीटर मरीन प्लायची पेटी करून घ्या. पुढे ५ मिलिमीटर जाडीच्या सरकत्या काचा बसवा. दुकानांच्या शोकेसला असतं तसं काचेचं कुलूप लावाच, कारण साप नाकाने काच सरकवतो. आतून पाण्याच्या पॉलियुरेथेनचे तीन हात द्या आणि सांधे माशांच्या टाकीला वापरतात त्या बुरशीनाशक नसलेल्या सिलिकॉनने भरा. मग पेटी उघडी ठेवून दोन आठवडे वाळू द्या. वास येतोय तोवर साप आत जाणार नाही. हवेसाठी एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर अशा दोन जाळीच्या पट्ट्या पुरतात.

आता मुख्य गोष्ट, बीळ. दोन हवीत, एक उबदार टोकाला, एक गार टोकाला, शक्यतो सारखीच. एकच ठेवलं तर सापाला ऊब आणि लपण यांतलं एक निवडावं लागतं, आणि तो लपणच निवडतो. मग गार बिळात बसून अन्न पचत नाही आणि आपण म्हणतो, साप जेवत नाही. बीळ घट्ट असावं: वेटोळं घालून बसल्यावर अंग भिंतींना आणि छताला टेकलं पाहिजे. पेटीच्या शोभेला ठेवलेली ऐसपैस गुहा त्याच्या उपयोगाची नाही. नर्सरीतली मातीची कुंडी उपडी घालून तिच्या काठाला सापाच्या अंगाच्या दीडपट रुंद दार पाडा आणि कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. वर्षाने साप वाढला की कुंडीही मोठी करा.

खाली कोकोपीट आणि नारळाच्या सालीचे तुकडे निम्मे-निम्मे, ८ ते १० सेंटिमीटर जाडीचा थर. कोकोपीटच्या विटेत कधीकधी मीठ असतं, म्हणून दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्या. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो, पण त्यात देवदार किंवा पाइन असतं. त्या तेलांनी सापाची श्वासनलिका आणि यकृत बिघडतं. नव्या सापाला पहिले तीन महिने मात्र वर्तमानपत्रावरच ठेवा, म्हणजे शी आणि माइट्स लगेच दिसतात. घरात आधीचा साप असेल तर हे तीन महिने नव्याला वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्यासह आणि वेगळ्या भांड्यासह.

ऊब

उबदार बिळाच्या तळाशी ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, गार टोकाला २५ ते २७, आणि रात्री कुठेही २३ च्या खाली नाही. ३५ च्या वर तो धोक्यात येतो. हे अंदाजाने जमत नाही. हाताला कोमट लागणारा तळ ४० चाही असू शकतो, आणि साप पोट भाजेपर्यंत त्यावर बसून राहतो, कारण खालून येणारी तीव्र उष्णता टाळण्याची सवय त्याच्या अंगात नाही. रानात ऊब सूर्याकडून, वरून येते. गरम होणारे प्लास्टिकचे दगड याच कारणाने घेऊ नयेत.

थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या यंत्राशिवाय, कुठलंही गरम करणारं साधन जोडू नका. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत अंडी उबवण्याच्या मशिनसाठीचे थर्मोस्टॅट मिळतात, ते चालतात. चालू आणि बंद होण्याच्या तापमानातला फरक एक अंशावर ठेवा. या स्वस्त थर्मोस्टॅटमधला रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा आतला स्विच, कधीतरी ‘चालू’ अवस्थेत चिकटतो आणि पेटी तापतच राहते. म्हणून दोन थर्मोस्टॅट एकामागे एक जोडा, दुसरा दोन अंश वर लावून. पहिला अडकला तर दुसरा वीज तोडतो. वायरिंग जमत नसेल तर वायरमनकडून करून घ्या. पाण्याच्या भांड्याशेजारी २३० व्होल्ट आहेत हे त्यालाही सांगा.

काचेच्या टाकीला खालून हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लावा, तळाच्या एक तृतीयांश भागापुरती. टाकीखाली रबरी बुश देऊन थोडी पोकळी ठेवा, नाहीतर उष्णता कोंडून काच तडकते. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि काच यांच्या मध्ये चिकटवा. आत मोकळा सोडला तर साप तो ढकलतो, सेन्सर गार जागी जातो आणि मॅट थांबतच नाही. मॅटवरचा थर मात्र पातळ हवा. जाड थराखाली उष्णता साठते आणि उकरणारा साप थेट तिथे पोचतो. प्लायच्या पेटीत खालची मॅट फारशी काम करत नाही, लाकूड उष्णता अडवतं. तिथे वरून ८० ते १०० वॉटचा सिरॅमिक हीटर, त्याला सर्व बाजूंनी तारेची जाळी, आणि सेन्सर उबदार बिळाच्या वर. रात्री लाल किंवा निळा दिवा लावू नका. दिवसा १२ तास साधा प्रकाश आणि रात्री पूर्ण अंधार. कमी शक्तीची यूव्हीबी (अतिनील किरण देणारी) ट्यूब दिली तर चांगलंच, पण तिच्या प्रकाशापासून सावली मिळेल अशी जागा हवी.

आठवड्यातून एकदा इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही बिळांचा तळ मोजा आणि लिहून ठेवा.

पुण्याचे तीन ऋतू

दमटपणा ५५ ते ७० टक्के हवा, कात टाकताना ७५ च्या आसपास. आधी तुमचं दमटपणा मोजणारं मीटर खरं बोलतं का ते बघा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतकं पाणी घाला, ते आणि मीटर एका हवाबंद पिशवीत १२ तास ठेवा. मीटरने ७५ दाखवायला हवेत. ६८ दाखवले तर रोजच्या आकड्यात ७ मिळवा.

मार्च ते मे. दुपारची हवा वीस टक्क्यांवर येते आणि गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये खोली ३६ ला जाते. थर्मोस्टॅट वीज तोडू शकतो, गारवा देऊ शकत नाही. पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून काढा आणि कपाटावर असेल तर खाली आणा, जमिनीलगत दोन-तीन अंशांचा फरक पडतो. दमटपणासाठी वरून स्प्रे मारत बसण्यात अर्थ नाही, तासाभरात ते वाळतं. पेटीच्या कोपऱ्यांत हळूहळू अर्धा ते एक लिटर पाणी ओता, म्हणजे खालचा थर भिजेल आणि वरचा कोरडा राहील. हेच बिळाचं तत्त्व आहे. चार-पाच दिवसांनी बोट खुपसून बघा आणि गरजेप्रमाणे पुन्हा घाला. खोलीत वाळ्याचा कूलर असेल तर उत्तम, फक्त झोत पेटीवर नको. एसी हवा कोरडी करतो, तेव्हा पाणी वाढवा. अगदीच चढलं तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून गार टोकाच्या बाहेरून टेकवा.

जून ते सप्टेंबर. बहुतेक लोक इथे चुकतात, कारण उन्हाळ्याची सवय हाताला लागलेली असते. बाहेर ८५-९० टक्के असताना आत पाणी ओतत राहिलं की थर चिंब होतो, बुरशी येते, पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग आणि फोड दिसू लागतात. याला स्केल रॉट म्हणतात. पाणी बंद करा, हवेच्या पट्ट्या मोकळ्या करा, वरचा थर रोज हलवा आणि ऊब मात्र अजिबात कमी करू नका. गार आणि ओलं हे दोन्ही एकत्र आले की फुफ्फुसाचा संसर्ग ठरलेला. डेंग्यूच्या दिवसांत सोसायटीत धूर फवारणी होते. त्या दिवशी खिडक्या बंद करून पेटीवर चादर टाका आणि नंतर खोली चांगली हवेशीर करा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे बाहेर ८-१० अंश, खोलीत १७-१८. पेटीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंना इंचभर जाडीचं थर्मोकोल लावा, जाळ्या सोडून. वीज गेली तर प्रौढ साप काही तास थंडी काढतो, पण नुकताच जेवलेला नाही. पोटातला उंदीर पचण्याऐवजी सडतो आणि साप उलटी करतो. दुरुस्तीसाठी वीज जाणार असल्याची सूचना आली असेल तर आदल्या दिवशी खायला घालू नका. वीज गेल्यावर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून उबदार बिळाला बाहेरून टेकवा, पेटीवर गोधडी टाका आणि दर दोन तासांनी पाणी बदला.

साप काय सांगतोय

साप बोलत नाही, पण कुठे आणि कसा बसलाय यात बरंच काही असतं. रोज एकाच वेळी, साधारण रात्री नऊला, एक नजर टाकायची सवय लावा.

डोकं आत घालून गोळा होणं ही भीती आहे. त्यावरूनच ‘बॉल’ हे नाव पडलं. हातात गोळा झालेला साप ‘किती शांत’ म्हणून पाहुण्यांत फिरवला जातो, तेव्हा तो शिकाऱ्यापासून जीव वाचवायचा एकमेव उपाय करत असतो. त्याला पेटीत ठेवा. निवांत साप हातावरून सावकाश सरकतो आणि जीभ लांब, संथ बाहेर काढतो. मान इंग्रजी एससारखी मागे खेचली की पुढचं पाऊल चावा. चावा बिनविषारी, सुईसारख्या दातांचा. हात मागे ओढला तर सापाचे दात तुटतात आणि आपल्याला जास्त लागतं.

संध्याकाळी बिळाच्या दारात फक्त डोकं बाहेर ठेवून स्थिर बसला असेल तर तो शिकारीला टपला आहे. हा दबा धरून बसणारा साप आहे. वरच्या ओठावरच्या खाचांनी त्याला अंधारातही गरम शरीर ‘दिसतं’. म्हणून जेवणाच्या दिवशी उंदराचा वास लागलेला गरम हात त्याच्यापुढे नेऊ नये.

सतत पाण्याच्या भांड्यात बसणं कधीच सवय म्हणून सोडून देऊ नका. एकतर पेटी तापली आहे, हवा कोरडी आहे किंवा अंगावर माइट्स आहेत. भांड्याच्या तळाशी काळे ठिपके शोधा. रात्रभर काचेवर नाक घासत फिरणं म्हणजे जागा, ऊब किंवा लपण यांतलं काहीतरी चुकलंय, अपवाद फक्त प्रजननाच्या मोसमातल्या नराचा. महिनोन्‌महिने गार टोक न सोडणाऱ्याचं उबदार टोक बहुधा फार तापलेलं असतं. जेवणानंतर जांभई दिसली तर तो जबडा जागेवर आणतोय. पण जांभया वारंवार, डोकं वर करून आणि शिट्टीसारख्या आवाजासह असतील तर डॉक्टरकडे.

जेवण

गोठवलेले पांढरे उंदीर वितळवून द्या. जिवंत उंदीर सापाला चावतो, डोळाही फोडतो, आणि उंदराचेही हाल होतात. घरच्या किंवा किराणा दुकानाच्या पिंजऱ्यात सापडलेला उंदीर कधीच नाही, त्याच्या पोटात विष असू शकतं. चिकनचे तुकडे, अंडी, दूध यांतलं काहीही नाही. नागपंचमीला घरातल्या आजींनी वाटी पुढे केली तर त्यांना प्रेमाने सांगा: साप दूध पचवू शकत नाही, त्याला ताजं पाणीच हवं. हळद-कुंकूही पेटीच्या बाहेरच.

किलोभर पिठाचा हिशेब करायच्या डिजिटल काट्यावर दर पंधरवड्याला सापाचं वजन करा (काटा सापासाठी वेगळा ठेवा). ५०० ग्रॅमपर्यंत त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांचा उंदीर, दर ७ ते १० दिवसांनी. म्हणजे ३०० ग्रॅमच्या सापाला ३० ते ४५ ग्रॅम. पुढे किलोभर होईपर्यंत ७ टक्के, दोन-तीन आठवड्यांनी. प्रौढाला ५ टक्के, तीन ते पाच आठवड्यांनी. त्याहून जास्त दिलं तर शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाठी येतात. लठ्ठ बॉल पायथन उपाशी बॉल पायथनपेक्षा जास्त दिसतात.

उंदीर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. मग बंद पिशवीत घालून गरम पाण्यात पोटापर्यंत ऊब येऊ द्या आणि शेवटी डोकं हेअर ड्रायरने ३८ अंशांच्या आसपास आणा. मायक्रोवेव्हमध्ये उंदीर आतून शिजतो, फुटतोही. दिवे मालवून, ३० सेंटिमीटरच्या चिमट्याने बिळाच्या दारापाशी धरा आणि हळूच हलवा. घेतला नाही तर रात्रभर तिथेच ठेवून सकाळी फेकून द्या. पुन्हा गोठवू नका. जेवल्यावर ४८ तास सापाला हात नाही. उलटी केली तर १४ दिवस फक्त पाणी, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा उंदीर. दुसऱ्यांदा उलटी झाली तर डॉक्टर.

उपवास हा या सापाचा स्वभावच. पश्चिम आफ्रिकेत माद्या साधारण फेब्रुवारी ते एप्रिल अंडी घालतात, त्याआधीचे महिने प्रजननाचे. मादी अंड्यांभोवती दोन महिने वेटोळं घालून बसते आणि खात नाही. पाळलेला प्रौढ सापही नोव्हेंबर ते मार्च तोंड फिरवतो, दोन-चार महिनेसुद्धा. अडचण अशी की पुण्यात नेमका तेव्हाच गारठा असतो, त्यामुळे स्वभाव आणि चूक एकसारखे दिसतात. म्हणून आधी तापमान मोजा. ते बरोबर असेल आणि वजन टिकून असेल तर दर पंधरा दिवसांनी एकदा विचारा, रोज नाही. वजन १० टक्क्यांहून जास्त उतरलं किंवा पिल्लू सहा आठवडे उपाशी राहिलं तर वाट बघू नका. तोंडात कोंबणं हे डॉक्टरचं काम.

कात

रंग फिका पडतो, पोट गुलाबी होतं, डोळे दुधाळ निळसर होतात. चार-सहा दिवसांनी डोळे स्वच्छ होतात, आणि त्यानंतर आणखी काही दिवसांनी कात निघते. या काळात दिसत कमी असल्याने साप चिडका असतो. त्याला उचलू नका आणि जेवायलाही घालू नका. कात नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकसंध, मोज्यासारखी उलटी निघायला हवी. तुकड्यातुकड्यांनी निघाली तर दमटपणा कमी होता. झाकणाच्या डब्यात ओलसर शेवाळ घालून, दार पाडून, ते तिसरं बीळ म्हणून ठेवा. एका दिवसात फरक पडला नाही तर २९-३० अंशांच्या, पोटापुरत्या पाण्यात २० मिनिटं, समोर बसून. मग ओल्या टॉवेलातून त्याला स्वतःलाच सरकू द्या. डोळ्यावरची टोपी (डोळा झाकणारा कातीचा पारदर्शक तुकडा) राहिली असेल तर चिमटा लावू नका. पुढच्या कातीबरोबर बहुधा निघते. निघालेली कात दर वेळी बघितली तर डोळ्यांच्या दोन्ही टोप्या आणि शेपटीचं टोक आहे की नाही हे लगेच कळतं. शेपटीवर राहिलेली कडी रक्त अडवते आणि टोक गळून पडतं.

आजार आणि घरातली विषं

उघडं तोंड, लाळेचे बुडबुडे, घरघर: ही फुफ्फुसाची लक्षणं, आणि यात घरगुती इलाज नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे डॉक्टर मोजके असतात, म्हणून साप आणायच्या आधी एकाचा पत्ता हाताशी असू द्या. नेताना उशीच्या सुती अभ्र्यात साप घालून गाठ मारा आणि तो अभ्रा भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा. माइट्सवर कुत्र्याचं गोचिडीचं औषध लावू नका, त्याने साप मरतात. त्या दिवसापासून कोकोपीट काढून वर्तमानपत्र, आणि औषधाचं प्रमाण डॉक्टर ठरवेल.

फिनाइल पेटीत नको. धुवायला एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवा आणि वास जाईपर्यंत वाळवा. मुंग्यांचा खडू, झुरळांचा स्प्रे, डासांची कॉइल आणि धूप हे सगळं त्या खोलीच्या बाहेर. सापाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न धुता मोरीत धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांनी, गरोदर बाईने आणि आजारी वृद्धांनी साप हाताळू नये.

हाताळणं

घरी आल्यावर दहा-बारा दिवस हात लावू नका. दोनदा व्यवस्थित जेवला की सुरुवात करा, आठवड्यातून दोन-तीनदा, दहा मिनिटं. बीळ उचला, बाजूने हात घाला, मधोमध उचला, दुसरा हात खाली. डोक्यावर हात फिरवू नका. गळ्यात घालून फोटो काढायचा प्राणी नव्हे हा.

निसटला तर

पेटीला कुलूप असलं तरी हे होतं. खोलीचं दार बंद करून खालच्या फटीत टॉवेल कोंबा, मोरीच्या जाळ्या झाका. साप लांब जात नाही, अरुंद आणि उबदार जागा शोधतो: फ्रीजच्या कॉम्प्रेसरमागे, इन्व्हर्टरपाशी, सेट-टॉप बॉक्सखाली, पुस्तकांच्या मागे, सोफ्याच्या आतल्या कापडात. वॉशिंग मशीन आणि रिक्लायनर आधी बघितल्याशिवाय वापरू नका. सापडला नाही तर रात्री दारांच्या उंबऱ्यांवर आणि भिंतीलगत कणकेची पातळ पट्टी टाका, सकाळी माग दिसतो. त्याचं उबदार बीळ भिंतीपाशी ठेवून द्या, बरेचदा तो स्वतःच त्यात येऊन बसतो. शेजाऱ्यांना आणि वॉचमनला लगेच सांगा, नोंदणीच्या कागदाची प्रत दाखवा. लपवलं तर कुणीतरी काठी उचलेल.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांच्या कानावर घालून ठेवा. आवारात, कुंड्यांमागे किंवा पार्किंगमध्ये तपकिरी, डागांचा, जाडजूड साप दिसला तर तो आपलाच समजून हात घालू नये. घोणसही तशीच दिसते आणि पुण्यात ती आहे. लांब उभं राहून नजर ठेवा, सर्पमित्राला किंवा वनविभागाला बोलवा, आणि आपल्या सापाचा फोटो त्यांना आधी दाखवा.